चालत्या अंतरातला संसार: गाडी न ठेवता मुलं वाढवायची असतील तर

गाडी न ठेवता घर चालवायचं ठरलं की बहुतेक कुटुंबं आधी सायकलींची चौकशी सुरू करतात. तिथून सुरुवात करू नये. दुसऱ्या वाहनाने गाडीचं काम थोडंफार भागतं, पण खरा फरक पडतो तो अंतर कमी केल्याने. शाळा ७०० मीटरवर असेल तर पाऊस, उशीर, कडेवरचं धाकटं भावंड या सगळ्यांसकट ती गाठता येते. तीच ७ किलोमीटरवर असेल तर कितीही चांगली सायकल आणली तरी वर्षभरात ती जिन्याखाली धूळ खात पडते. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी फेऱ्यांची नोंद, मग अंतरं, मग चाचणी आणि शेवटी साधनांची खरेदी. शेजार जोडण्याचं काम मात्र पहिल्या दिवसापासून या सगळ्याच्या बरोबरीने चालू द्यावं. ते मागे राहिलं तर बाकी सगळं जमूनही घर एकटं पडतं.

## दोन आठवड्यांची वही

एक वही घ्या आणि दोन आठवडे घरातल्या प्रत्येकाची प्रत्येक फेरी लिहा: कोण गेलं, कुठे, किती अंतर, सोबत काय ओझं होतं, निघालं केव्हा आणि परत आलं केव्हा. सुट्टीचे किंवा आजारपणाचे आठवडे निवडू नका. ओझ्याचा रकाना लोक गाळतात आणि पुढे तोच नडतो. तीन किलोमीटर रिकाम्या हाताने जाणं वेगळं आणि तेच अंतर झोपलेलं मूल व दोन पिशव्या घेऊन कापणं वेगळं.

वही भरली की फेऱ्यांसमोर खुणा करा. रोजच्या ठरलेल्या फेऱ्यांना एक खूण, आठवड्याच्या फेऱ्यांना दुसरी, वर्षातून चार-सहा वेळा येणाऱ्यांना तिसरी. चौथी खूण अशा फेऱ्यांना, ज्या केवळ गाडी दारात उभी होती म्हणून झाल्या: एखादी विसरलेली वस्तू, वेळ जात नाही म्हणून मारलेला फेरफटका, दोनशे मीटरवरचं दुकान सोडून लांबच्या मोठ्या दुकानात जाणं. गाडी गेली की या फेऱ्या आपोआप गळतात, त्यांची सोय शोधत बसायचं कारण नाही.

गाडी ठेवण्याची कारणं विचारली तर जवळजवळ सगळी तिसऱ्या गटातली निघतात. पहाटेचं विमान, नवं कपाट, लांबच्या नातेवाइकांकडचा मुक्काम. प्रत्येक कारणापुढे वर्षातून किती वेळा, तो आकडा लिहा. वर्षातून सहा वेळा लागणारी गाडी भाड्याने आणावी.

त्याच वहीत गाडीचा वर्षाचा खर्च मांडा. इंधन सगळ्यांनाच आठवतं. विमा, कर, कर्जाचं व्याज, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, पार्किंग आणि दंडही धरा. बहुतेकदा सगळ्यात मोठी आणि न दिसणारी रक्कम म्हणजे घसारा: वर्षाच्या सुरुवातीला गाडी विकली असती तर जे आले असते आणि वर्षाअखेरीस जे येतील, त्यातला फरक. एकूण रकमेला १२ने भागा. गाडी गेल्यावर त्यातला निम्मा भाग दरमहा वेगळ्या खात्यात टाका. टॅक्सी, भाड्याची गाडी, रेल्वेची तिकिटं, सायकलची दुरुस्ती हे सगळं त्या खात्यातून.

हे खातं वेगळं ठेवण्यावर आमचा भर आहे, आणि त्यामागे माणसाचा स्वभाव आहे. गाडीवरचा बराचसा खर्च आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फेरी फुकट वाटते. टॅक्सीचे पैसे मात्र दर वेळी हातातून जातात आणि बोचतात. वेगळी तरतूद नसली की भिजलेलं मूल कडेवर असतानाही आई-वडील टॅक्सी टाळतात, आणि असे तीन-चार प्रसंग झाले की घरात गाडीचा विषय पुन्हा निघतो. खात्यातले पैसे खर्च होण्यासाठीच आहेत, वाचवण्यासाठी नाहीत.

## अंतर मुलाच्या पावलांनी मोजा

मोठं माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतं. चार वर्षांचं मूल, वाटेतले दगड, मांजरं आणि डबकी धरून, मिनिटाला ४० ते ५० मीटर. म्हणजे नकाशावर दिसणारी दहा मिनिटं तुमच्या घरासाठी वीस असतात. शिवाय सरळ रेषेत दिसणारं अंतर प्रत्यक्ष रस्त्याने सव्वा ते दीडपट भरतं. मध्ये रेल्वेमार्ग, नदी किंवा मोठा महामार्ग असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

अमेरिकन नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्क परिसराच्या आराखड्यासाठी वस्तीची एक कल्पना मांडली. तिच्यात प्राथमिक शाळा मध्यभागी, घरं तिच्यापासून साधारण पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या आसपास, आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने होते. घर शोधताना हा आकडा आजही कामाचा आहे. ४०० मीटरच्या आत रोजचं वाणसामान, खेळायची मोकळी जागा आणि बसथांबा असावा. ८०० मीटरच्या आत पाळणाघर, प्राथमिक शाळा, औषधांचं दुकान, नेहमीचे डॉक्टर. दोन किलोमीटरच्या आत ग्रंथालय, माध्यमिक शाळा, पोहण्याचा तलाव आणि जमल्यास रेल्वे स्थानक.

सगळं एकाच ठिकाणी मिळत नाही. निवड करायची वेळ आली तर शाळा घराजवळ घ्या आणि नोकरी लांब राहू द्या. नोकरीला जाणारा एकटा असतो, वेळ ठरलेली असते, ओझं कमी असतं. बस किंवा रेल्वे अशाच प्रवासासाठी बनलेली आहे. मुलाची फेरी मात्र दिवसातून दोनदा होते, तिला उशीर चालत नाही, आणि मध्येच शाळेतून ताप आल्याचा फोन येतो. पुष्कळ घरं नेमकी उलटी निवड करतात आणि मग दुपारच्या त्या एका फोनसाठी गाडी ठेवावी लागते.

घर बघायला जाताना तीन वेळा जा: कामाच्या दिवशी शाळेच्या वेळेला, अंधार पडल्यावर, आणि पावसात. प्रत्येक वेळी घर ते शाळा पूर्ण चाला. वाटेत किती रस्ते ओलांडावे लागतात ते मोजा. अनेक देशांत पादचारी सिग्नलची वेळ सेकंदाला साधारण १.२ मीटर चालीवर बेतलेली असते; १४ मीटर रुंद रस्त्याला ती जेमतेम बारा सेकंद होते. मुलाचा हात धरून पुरते का ते स्वतः ओलांडून बघा. पदपथ सलग आहे का, की प्रत्येक फाटकापाशी उतरतो-चढतो? बाबागाडी ढकलताना हाच चढउतार मनगटं दुखवतो.

बस असेल तर तिची वारंवारता बघा, मार्गांची संख्या नव्हे. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बसला वेळापत्रक लागत नाही, सरासरी पाच मिनिटं थांबलं की ती येते. अर्ध्या तासाने येणारी बस एकदा चुकली की सकाळ कोलमडते, आणि वाटेत दुसरी बस पकडायची असेल तर चुकण्याच्या जागाही दोन होतात. रविवारचं वेळापत्रक आणि शेवटच्या बसची वेळ सगळ्यात आधी तपासा. कामाच्या दिवशी उत्तम वाटणारी वस्ती रविवारी बेट होऊन बसते, हे राहायला गेल्यावर कळून उपयोग नाही.

घर बदलणं शक्य नसेल तर जाण्याची ठिकाणं जवळ आणा. दातांचे डॉक्टर, केस कापण्याचं दुकान, बँक, व्यायामशाळा यांतलं बरंच काही सवयीने लांबचं राहिलेलं असतं. सगळ्यात अवघड जातात मुलांचे क्लास. आमचं मत ठाम आहे: चालत जाता येणारा बरा शिक्षक, गाडीने गाठावा लागणाऱ्या नामवंत शिक्षकापेक्षा चांगला. लांबच्या क्लासला मूल आठवड्यातून दोनदा मागच्या सीटवर बसून जातं. जवळच्या क्लासला ते दोन मित्रांबरोबर चालत जातं आणि परत येताना अर्धा तास कुंपणावर बसून गप्पा मारतं. मोठ्या वयात एखादं कौशल्य खरोखर पुढे गेलं तर लांबचा गुरू शोधता येतो, आणि तोवर मूल एकटं बसने जाऊ लागलेलं असतं.

## गाडी विकण्याआधी चार आठवडे

किल्ल्या एका डब्यात घालून डबा नातेवाइकांकडे किंवा शेजाऱ्यांकडे द्या. घरातच ठेवल्या तर पहिल्याच पावसाळी सकाळी त्या बाहेर निघतात. चार आठवडे गाडी वापरायची नाही. टॅक्सी आणि भाड्याची गाडी हवी तितकी वापरा, फक्त प्रत्येक वेळ लिहून ठेवा.

पहिला आठवडा सोपा जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात भांडणं होतात, बहुधा एकाच मुद्द्यावर: गाडी चालवणाऱ्याचं काम सुटलं, पण ते दुसऱ्याच्या अंगावर पडलं. ज्याला पिशव्या वाहाव्या लागतात आणि ज्याला मुलाला सोडावं लागतं तो एकच माणूस असेल तर हा बेत टिकणार नाही. फेऱ्यांची वाटणी कागदावर करा. चौथ्या आठवड्याच्या शेवटी वही उघडा आणि ज्या फेऱ्या जमल्या नाहीत तेवढ्यांवरच बोला. त्या दोन-तीनच असतात, आणि त्यावरूनच कळतं की तुम्हाला मालवाहू सायकल हवी, पाळणाघर बदलायला हवं की नुसती चांगली बाबागाडी पुरेल.

दोन गाड्यांचं घर असेल तर आधी एकच काढा आणि सहा महिने थांबा. विकताना नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचा कागद हातात घ्या, विमा रद्द करून उरलेल्या काळाचा परतावा मागा, आणि आधीच्या विम्यात दावा न केल्याची वर्षं लिहिलेलं पत्र विमा कंपनीकडून घेऊन जपून ठेवा. पुढे कधी विमा लागलाच तर ते पत्र बऱ्याच ठिकाणी कामी येतं.

## साधनं: पायांसाठी आधी, चाकांसाठी नंतर

बाबागाडी. गाडीच्या डिकीत मावावी म्हणून लोक हलकी, लहान चाकांची बाबागाडी घेतात. तुमच्याकडे डिकीच नाही. मोठी, हवा भरलेली किंवा जाड रबरी चाकं, पक्का हातब्रेक किंवा पायब्रेक आणि खाली मोठी टोपली असलेली घ्या. बसमध्ये चढवायची असेल तर बसच्या दाराची रुंदी आधी मोजा. पिशव्या हँडलला लटकवू नका. मूल उचललं की गाडी मागे उलटते. आठवणीने पावसाचं आवरण सोबत घ्या. बाळाच्या पहिल्या वर्षात गर्दीच्या बससाठी आणि जिन्यासाठी बाळाला अंगाशी बांधायची कापडी झोळी बाबागाडीइतकीच लागते.

दोन चाकांची ट्रॉली. ४० ते ५० लिटरची, चाकं किमान १५ सेंटिमीटर व्यासाची. लहान चाकं पदपथाच्या प्रत्येक सांध्यात अडकतात आणि आस वाकतो. जिने जास्त असतील तर प्रत्येक बाजूला तीन चाकांचा चढणारा प्रकार मिळतो, पण सपाट रस्त्यावर तो जड वाटतो. ट्रॉलीत १५ किलोच्या वर भरू नका. जड वस्तू तळाशी, आसाच्या बरोबर वर.

ट्रॉली असली तरी आठवड्याची एकच मोठी खरेदी करण्याचा नाद सोडावा लागतो. आठवड्यातून तीन छोट्या खरेद्या, येता-जाता. जड आणि न नासणाऱ्या वस्तूंची महिन्याची एक ऑर्डर घरपोच. एवढं केलं की खरेदीचा प्रश्न संपतो.

सायकल. मूल नेण्याच्या आसनांना वजनाची मर्यादा असते. युरोपीय मानकानुसार मागचं आसन २२ किलोपर्यंत, पुढचं १५ किलोपर्यंत. मूल आधाराशिवाय नीट बसू लागल्यावर आणि मान पक्की झाल्यावरच, म्हणजे साधारण नऊ महिने ते एक वर्षानंतर, आणि आसनाच्या पुस्तिकेत दिलेल्या वयाप्रमाणे. आसन कॅरियरवर बसणारं असेल तर कॅरियरवर कोरलेली किलोची मर्यादा वाचा. त्यात मुलाबरोबर आसनाचंही वजन धरायचं. सगळ्यात नेहमीची इजा होते ती पाय मागच्या चाकाच्या आऱ्यांत जाऊन. पाय बांधायचे पट्टे आणि चाकावरची जाळी या दोन्ही गोष्टी हव्यात. पट्टे रोज बांधले जात नाहीत, म्हणून जाळी. आणि मूल आसनात असताना सायकल स्टँडवर सोडून दोन पावलंही दूर जाऊ नका. साध्या एकपायी स्टँडवर मुलाने नुसतं वाकून पाहिलं तरी सायकल पडते. दोन पायांचा रुंद स्टँड बसवून घ्या.

दोन मुलं झाली की मालवाहू सायकलीचा विचार येतो. पुढे पेटी असलेली सायकल लहान मुलांसाठी उत्तम: ती समोर दिसतात, झोपली तरी चालतं, वर छत बसतं. पण ती लांब असते, लिफ्टमध्ये मावत नाही, आणि वळवायला शिकायला दोन-चार दिवस लागतात. मागची बाजू लांबवलेली सायकल अरुंद जागेत राहते, चालवायला साध्या सायकलीसारखी असते, आणि मुलं आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत कामाला येते. मात्र दोन मुलं मागे हलू लागली की तोल सांभाळायला ताकद लागते. जागा आणि चढ, या दोन गोष्टींवर निवड करा. चढ असेल तर विजेचा आधार घ्याच. युरोपीय नियमांत अशा सायकलीची मोटर २५० वॉटची आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंत असते; ओझं नेण्यासाठी वेगापेक्षा तिचा जोर महत्त्वाचा. ओझं, चढ आणि थंडी या तिन्हींनी बॅटरीचा पल्ला घटतो, म्हणून जाहिरातीतल्या आकड्याचा निम्माच खरा धरून चला.

भरलेल्या सायकलीत आधी बिघडतात ते ब्रेकचे पॅड आणि मागच्या चाकाचे आरे. महिन्यातून एकदा पॅडची जाडी बघा, प्रत्येक आरा बोटाने वाजवून ढिला आहे का तपासा, आणि आठवड्यातून एकदा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत हवा भरा. कमी हवेत ओझं नेलं की रिम ट्यूबला चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. असं पंक्चर दिसलं तर काच शोधू नका, हवा वाढवा. साखळी पुसून तेल लावणं पंधरा दिवसांनी, पावसाळी दिवसांत आठवड्याला.

सायकल दारापासून तीस पावलांत, बिना-जिन्याची, छपराखाली ठेवायची जागा नसेल तर महागडी सायकल घेऊ नका. रोज दोन मजले चढवायची सायकल महिन्याभरात वापरातून जाते.

## शाळेची वाट

इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये ती फक्त ९ टक्के उरली. मुलं तीच होती, रस्ते बदलले होते. त्यामुळे मुलाला रस्ता शिकवणं आणि रस्ता मुलासाठी बरा करून घेणं ही दोन्ही कामं एकत्र करावी लागतात.

मुलाच्या क्षमतेबद्दल भाबडं राहू नका. २०११ मध्ये लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की प्राथमिक शाळेच्या वयातली मुलं ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून वेगाने येणारं वाहन किती वेगात आहे हे नीट ओळखू शकत नाहीत. हा लक्ष न देण्याचा दोष नाही. डोळ्यांनी वेग जाणण्याची क्षमता अजून पिकलेली नसते. त्यामुळे वेगवान रस्ता मुलाने फक्त सिग्नलवर किंवा मोठ्यांसोबत ओलांडायचा, हा नियम मूल दहा वर्षांचं होईपर्यंत ढिला करू नका. शांत गल्लीतलं स्वातंत्र्य मात्र पुष्कळ आधी देता येतं.

शिकवण्याचा क्रम असा. प्रत्येक टप्प्याला दोन-तीन आठवडे द्या, आणि तुमच्या भागातला कायदा मुलाला एकटं पाठवण्याबद्दल काय सांगतो ते आधी पाहून घ्या.

१. मूल पुढे चालतं आणि वाट दाखवतं. तुम्ही शेजारी, गप्प. कडेला कुठे थांबायचं ते त्याने सांगायचं.
२. तुम्ही वीस पावलं मागे. चूक झाली तर तिथे ओरडायचं नाही, घरी येऊन बोलायचं; अर्थात धोका असेल तर धावायचं.
३. शेवटचा टप्पा एकट्याने: शाळेच्या आधीच्या शेवटच्या कोपऱ्यावर तुम्ही थांबता. तो कोपरा दर आठवड्याला घराकडे सरकतो.
४. कोपऱ्यावरच्या दुकानात एक वस्तू आणायला, सुटे पैसे आणि परत यायची वेळ ठरवून.
५. मित्रासोबत शाळा, मग एकट्याने.
६. बस: आधी ओळखीचा मार्ग सोबत, मग मूल पुढच्या सीटवर आणि तुम्ही मागे, मग थांब्यावर भेट. बस चुकली, उतरायचा थांबा मागे पडला, फोन बंद झाला, या तीन प्रसंगी काय करायचं ते मुलाकडून तोंडी वदवून घ्या.

लहान वर्गांसाठी पायी बस चालवा. ऑस्ट्रेलियात डेव्हिड एंगविख्त यांनी १९९०च्या दशकात ही कल्पना मांडली आणि ती अनेक देशांत पसरली. ठरलेली वाट, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ; मोठी माणसं पाळीपाळीने मुलांना गोळा करत शाळेत पोचवतात. चार ते सहा वयाच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस, त्याहून मोठ्या सहा मुलांमागे एक. एका वाटेवर आठ-दहा मुलं पुरेत. थांब्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा; एका घरासाठी रोज थांबलं की बाकीची घरं महिन्यात गळतात. बदलीच्या माणसाचं नाव आठवड्याच्या यादीत आधीच लिहिलेलं असावं. सुरुवात आठवड्यातून एका दिवसाने करा आणि दोन महिने तेवढंच ठेवा.

## रस्ता आणि शेजार

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी एकाच भागातल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका रस्त्यावर दिवसाला सुमारे २,००० वाहनं, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. शांत रस्त्यावरच्या रहिवाशांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, गजबजलेल्या रस्त्यावरच्यांना एकापेक्षा कमी. घर निवडताना हे धरा: घरातल्या खोल्यांइतकीच समोरच्या रस्त्यावरची वाहनं तुमच्या मुलाचं बालपण ठरवतात.

वेगाचंही तसंच. ताशी ३० किलोमीटर वेगातली गाडी, चालकाचा एक सेकंदाचा प्रतिसाद धरून, कोरड्या रस्त्यावर साधारण १३-१४ मीटरमध्ये थांबते. ५० वेगातल्या गाडीला त्याच्या दुप्पट अंतर लागतं आणि तिची धडक जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जेची असते. तुमच्या गल्लीसाठी ३०ची मर्यादा, पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडायची उंच केलेली जागा किंवा आरपार वाहतूक बंद करणारे खांब मागायचे असतील तर एकट्याने अर्ज करू नका. शाळा, दोन दुकानदार आणि पंधरा-वीस घरं यांच्या सह्यांचा, नकाशा आणि फोटो जोडलेला एक पानाचा अर्ज द्या. मागणी एकच ठेवा. पाच मागण्यांच्या अर्जातली एकही पुढे सरकत नाही. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराच्या फाउबान वस्तीत गाड्या कडेच्या इमारतींमध्ये उभ्या राहतात आणि घरांसमोरचे रस्ते मुलांकडे असतात. नेदरलँड्समधल्या हाउटन गावात गाडीला वळसा घालून बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं, सायकल मात्र थेट मधून जाते. अर्जासोबत अशी उदाहरणं जोडली की ही मागणी स्वप्नाळू वाटत नाही.

ओळखी वाढवण्यासाठी कार्यक्रम लागत नाहीत, नियमितपणा लागतो. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने, त्याच दुकानांत. तीन आठवड्यांत चेहरे ओळखीचे होतात, तीन महिन्यांत नावं कळतात. आधी छोटी मदत मागा, द्यायला नंतर जा: शिडी, सायकलचा पंप, एका पार्सलची सही. मागितल्याने समोरच्यालाही पुढे मागायची मोकळीक मिळते; नुसतं देत राहणाऱ्या घराकडे लोक संकोचाने जात नाहीत. घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल अशी बसायची जागा करा. मुलं बाहेर खेळत असतील तेव्हा एक मोठं माणूस बाहेर हवं, आणि ते काम चार घरांनी वाटून घेतलं की रोजची दीड तासांची पाळणाघराची गरज आठवड्यातून एक-दोन पाळ्यांवर येते.

गल्ली काही तास वाहनांना बंद ठेवून मुलांना खेळू द्यायचा उपक्रम ब्रिटनमधल्या ब्रिस्टलमध्ये २००९ साली पालकांनी सुरू केला. तुमच्याकडे करायचा असेल तर स्थानिक प्रशासनाची परवानगी, दोन्ही टोकांना रंगीत जाकिटातली दोन-दोन माणसं, दोन तासांची मर्यादा, आणि रहिवाशांच्या गाड्यांना चालत्या वेगाने आत सोडण्याची सोय. या शेवटच्या सोयीमुळेच विरोध करणारं घर सहसा शांत होतं.

## पाऊस, आजार, मध्यरात्र

पावसात चालताना अंगाला रेनकोट, आणि सायकलवर पुढून हँडलपर्यंत येणारा सैल पोंचो. बंद रेनकोटमध्ये सायकल चालवली की आतून घामानेच भिजायला होतं. मुलांसाठी शाळेत एक कोरडा जोड, मोज्यांसह, हवाबंद पिशवीत कायमचा ठेवा. सायकलला पूर्ण लांबीचे मडगार्ड हवेतच. पावसाळी दिवसाला दहा मिनिटं आधी निघायचं ठरवून टाका. पावसाचा त्रास होतो तो पाण्यापेक्षा घाईने.

रात्रीच्या आजारपणाची भीती सगळ्यांना असते, आणि तिची तयारी अर्ध्या तासात होते. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: रुग्णवाहिकेचा क्रमांक, चोवीस तास चालणाऱ्या जवळच्या दोन रुग्णालयांचे पत्ते, दोन वेगवेगळ्या टॅक्सी सेवा, आणि गाडी असलेल्या दोन शेजाऱ्यांचे क्रमांक. त्या शेजाऱ्यांना आधीच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता पहिल्यांदा विचारायचं नसतं. श्वास अडणं, बेशुद्धी, फिट, मोठा रक्तस्राव यात गाडी असलेल्या घरानेही रुग्णवाहिकाच बोलवायची असते. बाळंतपण जवळ असेल तर ३७व्या आठवड्यापासून टॅक्सी आणि शेजारी दोन्ही ठरलेले असावेत.

टॅक्सीत मुलासाठी घडी होणारं, मुलाला उंच बसवणारं (बूस्टर) आसन घरात ठेवा, आणि ते मुलाच्या वजन-उंचीला मान्य आहे का पाहा. अगदी लहान बाळासाठी गाडीच्या नुसत्या सीटबेल्टने बसणारं, खाली वेगळा तळ न लागणारं आसन घ्या. ते बहुतेक गाड्यांत बसतं.

## लांबचे प्रवास

एक गाडी अनेक घरांनी वापरायची रीत जुनी आहे. झुरिचमध्ये १९४८ साली अशी सहकारी संस्था सुरू झाली होती. चालत दहा मिनिटांच्या आत अशी सेवा असेल तर गाडी लागेल त्या सहा वेळांची सोय तिथेच झाली. चालवण्याचा परवाना चालू ठेवा आणि दोघांनीही दोन-तीन महिन्यांतून एकदा गाडी चालवा, नाहीतर गरजेच्या दिवशी हात थरथरतो. भाड्याची गाडी घेताना नुकसान झाल्यास विमा असूनही चालकाला स्वतः भरावी लागणारी रक्कम किती ते वाचा, आणि ताबा घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा.

रेल्वेने मुलांसोबत जाताना दोन गाड्यांच्या मध्ये किमान अर्धा तास ठेवा, आणि मोठी बॅग एकच. दुसरी बॅग म्हणजे अडकलेला दुसरा हात, आणि तो मुलासाठी मोकळा हवा.

## कुठे बिघडतं

बहुतेक घरं तीनपैकी एका वळणावर परत गाडी घेतात. दुसरं मूल येतं तेव्हा, थोरल्याची शाळा बदलते तेव्हा, किंवा नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते तेव्हा. ही तिन्ही वळणं काही महिने आधी दिसतात. दुसरं मूल येणार असेल तर सायकल किंवा जोड बाबागाडी बाळंतपणाआधी घेऊन थोरल्याला तिची सवय करा. बाळ झाल्यावर नवं काही शिकायला कोणाला उसंत नसते. माध्यमिक शाळा निवडताना मूल स्वतः पोचू शकेल का हा प्रश्न निकालाच्या टक्क्यांइतकाच वजनाचा धरा, कारण तेरा वर्षांच्या मुलाला रोज सोडायला लागणं हे त्याच्यासाठीही ओझं आहे.

किशोरवयात आणखी एक अडचण येते. मित्र शहरभर पसरतात आणि संध्याकाळी परत येण्याचा प्रश्न निर्माण होतो. बसचा पास, रात्री विशिष्ट वेळेनंतर न विचारता टॅक्सी घ्यायची मुभा, आणि ती प्रवासाच्या खात्यातून. या मुभेवर घासाघीस करू नका.

आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांची वेगळी वही करा. त्यांच्या फेऱ्या थोड्या असतात, पण त्यांना लागतं ते वेगळं: दर २०० मीटरवर बसायला बाक, न घसरणारा पदपथ, दारापाशी येणारी टॅक्सी. बाक नसेल तर तो मागण्याचा अर्ज गल्लीच्या अर्जाआधी द्या. असा अर्ज सहज मंजूर होतो, आणि पुढच्या मोठ्या मागणीसाठी कार्यालयात तुमची ओळख झालेली असते.